रोग्याचा देह आणि पाहणाऱ्याचे देणे

वाशीम जिल्ह्यातल्या दोन पाणवठ्यांची कीर्ती राजांच्या कातडीवर उभी आहे. वाशीम शहरातल्या पद्मतीर्थाविषयी जुन्या गॅझेटियरात नोंदलेली आख्यायिका अशी की, वासुकी नावाच्या राजाचे कुष्ठ तिथल्या डबक्यात बुडी मारल्यावर गेले आणि मग त्याने त्या डबक्याचा तलाव केला. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती आहे. तिची कथा एलिचपूरच्या एल राजाची, काही पाठांत श्रीपाळाची. त्याने रानातल्या पाण्यात हातपाय धुतले आणि तेवढाच भाग निर्मळ झाल्याचे राणीच्या नजरेस आले, असे एक पाठ सांगतो. याच जिल्ह्यातले कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. त्यांच्या लीला सांगणाऱ्या ‘गुरुचरित्रा’त पोटशुळाने जीव द्यायला निघालेला ब्राह्मण आहे, श्वेतकुष्ठाने ग्रासलेला नरहरी आहे, मांडीवर स्फोटक उठलेला बिदरचा बादशहा आहे. रोगांची ही वर्णने शतकानुशतके घरोघर वाचली गेली आणि त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. या प्रत्येक कथेत रोग शेवटी जातो, हे त्याचे कारण. गेलेला रोग सांगण्यात लाज नसते. उलट तो जितका किळसवाणा, तितका देवाचा किंवा गुरूचा महिमा मोठा. अडचण येते ती न गेलेल्या रोगाची. ज्याला तीर्थ सापडले नाही, त्याचा देह कुणी रंगवायचा, कुणाला दाखवायचा आणि कोणत्या अधिकाराने?

हा प्रश्न पोथीत राहिलेला नाही. 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत वाशीमचे एक आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की शरीरविच्छेदनाची टेबले आली, फॉर्मलिनच्या बरण्या आल्या, सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्या आल्या; आणि आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात कॅमेराही आला. शिवाय विकृतिशास्त्राची एक विचित्र गोष्ट अशी की ते दिसायला देखणे असते. शरीरातून काढलेल्या तुकड्याच्या अगदी पातळ कापावर हिमॅटॉक्सिलीन आणि इओसिन ही दोन रंगद्रव्ये चढवली की पेशींची केंद्रके निळीजांभळी होतात आणि बाकीचा भाग गुलाबी. कर्करोगाच्या गाठीचा असा काप अजाण माणसाला पैठणीच्या पदरासारखा वाटू शकतो. अशा कापांची छायाचित्रे भिंतींवर लागतात, त्यांवरून चित्रे रंगवली जातात, ती कापडावर छापली जातात. ज्याची ती गाठ, तो माणूस त्याच वेळी केमोथेरपीच्या रांगेत बसलेला असू शकतो. चित्र काढणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे मुळीच नाही. पण माझे म्हणणे असे की, हेतू तपासून हा प्रश्न सुटणारा नाही. धर्मप्रसार, वैद्यकज्ञान, कला, लोकशिक्षण हे सगळे हेतू थोर आहेत, आणि या सगळ्यांनी रोग्याला वापरून घेतलेले आहे. तपासायचे ते दुसरेच. रोग एका माणसाचा असतो आणि चित्र सगळ्यांचे होते. या बदलाची किंमत कोण मोजतो, एवढे पाहावे.

या बदलाचा विचार आपल्या काव्यशास्त्राने फार खोलवर केला आहे, आणि त्या शास्त्राचा वाशीमशी संबंधही आहे. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लागते. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. त्या काव्यपुरुषाचे शरीर शब्द आणि अर्थ यांचे, आणि आत्मा रस. भरताने सांगितलेल्या आठ रसांत बीभत्स आहे. त्याचा स्थायीभाव जुगुप्सा, म्हणजे किळस. जी गोष्ट पाहून नाक मुरडावे, तिचा आस्वाद कसा घेता येतो? भट्टनायकाने आणि पुढे अभिनवगुप्ताने दिलेले उत्तर साधारणीकरणाचे आहे. रंगभूमीवरचे दुःख माझे नसते, शेजाऱ्याचे नसते, त्या नटाचेही नसते. व्यक्तीची बंधने सुटलेला तो भाव असतो, म्हणून त्याची चव घेता येते. उपपत्ती सुरेख आहे. मात्र ती नाटकासाठी रचलेली आहे. नटाच्या अंगावरचे व्रण रंगाचे असतात. प्रयोग संपला की तो तोंड धुऊन घरी जातो. रोग्याचे छायाचित्र, बरणीतला अवयव, काचपट्टीवरचा काप यांचे तसे नाही. तिथे साधारणीकरणाच्या आधीपासून एक खरा माणूस उभा आहे आणि प्रयोग संपल्यावरही त्याला तोंड धुता येत नाही. साधारणीकरणाने प्रेक्षक मोकळा होतो, रोगी होत नाही. रुग्णालयाने त्याला आधीच खाटेचा क्रमांक आणि रोगाचे नाव करून ठेवलेले असते. चित्र त्याच्या उरल्यासुरल्या वेगळेपणावर हात टाकते. ते वेगळेपण सोडून देण्याचा हक्क त्याचा एकट्याचा आहे. आणि त्याने ते सोडलेच, तर पाहणाऱ्यालाही आपले तटस्थपण सोडावे लागेल. एकाने देह द्यायचा आणि दुसऱ्याने नुसते डोळे, हा व्यवहार सरळ नाही.

आपल्याकडचा या व्यवहाराचा जुना आणि नोंद असलेला दाखला हेन्री व्हॅन्डाइक कार्टरचा आहे. 1858 साली लंडनमध्ये निघालेल्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची चित्रे याने काढली. त्याच वर्षी तो मुंबईला आला आणि 1845 साली स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवू लागला. पुढे तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. 1874 साली त्याची दोन पुस्तके आली, एक कुष्ठ आणि हत्तीरोगावर, दुसरे मायसेटोमावर, म्हणजे ज्याला मदुरा फूट म्हणतात त्या रोगावर. अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पायात काटा किंवा काडी घुसते, तिच्याबरोबर मातीतले जंतू किंवा बुरशी आत जाते, पाय सुजून गाठाळतो, भोके पडून त्यांतून दाणेदार स्राव वाहतो. हा रोग शेतात राबणाऱ्याचा. कार्टरने ते पाय स्वतः रंगवले. चित्रकार म्हणून त्याचा हात इतका सराईत होता की आजही ती पाने पाहताना आधी चित्राची तारीफ करावीशी वाटते आणि मग तसे वाटल्याचे अवघडल्यासारखे होते. त्या चित्रांनी रोग ओळखायला शिकवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. बुरशीमुळे असा रोग होतो हे जगाला पटवण्यात त्याच्या मुंबईतल्या कामाचा मोठा वाटा आहे. पण ते पुस्तक उघडणाऱ्याला पाय दिसतो, माणूस शोधावा लागतो. गंमत अशी की खुद्द कार्टरचीही या धंद्यात उपेक्षाच झाली. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’चे मानधन त्याला एकरकमी मिळाले, विक्रीतला वाटा मिळाला नाही, आणि शीर्षकपानावरचे त्याचे नाव ग्रंथकार ग्रेने लहान टाइपात करवून घेतले. त्या चित्रांसाठी ज्यांचे देह फाडले गेले ते लंडनचे बेवारस गरीब होते. 1832 च्या कायद्याने असे मृतदेह शरीरशास्त्राच्या शाळांकडे जात. आपले श्रेय लहान छापले गेले याचा सल धरणारा चित्रकार आणि ज्यांचे नावच छापले गेले नाही असे देह, हे दोघे एकाच पानावर आहेत.

इथे पहिला आक्षेप येईल, आणि तो कायद्याच्या भाषेत येईल: नाव गुप्त ठेवले की झाले. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेतले 7.17 हे कलम हेच सांगते. ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र किंवा माहिती त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करू नये. ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही. वैद्यकीय नियतकालिकापुरते हे कलम समजण्यासारखे आहे. पण त्याच्या मुळाशी जे गृहीत आहे ते तपासले पाहिजे. ओळख म्हणजे चेहरा, असे हे कलम धरून चालते. रिसोड किंवा मंगरूळपीरसारख्या गावात ते खरे ठरत नाही. तिथे पायाच्या चालीवरून, हातातल्या कड्यावरून, गोंदणावरून माणूस ओळखू येतो. डोळ्यांवर काळी पट्टी ओढलेला फोटो व्हॉट्सॲपवर तालुक्यात फिरला, की संध्याकाळपर्यंत तो कुणाचा हे पानठेल्यावर ठरलेले असते. मोठ्या शहरात जे गुप्त राहते ते लहान गावात राहत नाही. आणि समजा, कुणालाच ओळखू आला नाही, तरी रोग्याला स्वतःला तर तो ओळखू येतोच! आपली गाठ एखाद्या दिवाणखान्यात शोभेला लावलेली त्याने पाहिली, तर त्याची काही हानी झाली नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? गुप्ततेने अब्रू वाचते. देह आपला आहे आणि तो कुणासमोर मांडायचा हे आपण ठरवू, हा जो माणसाचा हक्क आहे, तो गुप्ततेने वाचत नाही.

दुसरा आक्षेप धर्माच्या बाजूचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. देहाची नासाडी पाहणे हे तर आपल्या परंपरांचे साधनच आहे, असे कुणी म्हणेल. खरे आहे. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतला हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याचा अमात्य वराहदेव याचा लेख अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात आहे. म्हणजे वाशीमच्या दरबारात ज्यांची ऊठबस, त्यांच्या दानातून अजिंठ्याची काही लेणी उभी राहिली. सतराव्या लेण्याच्या ओसरीत भवचक्राचे, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याच्या चित्राचे, अवशेष आहेत. त्याच शतकात बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला आणि त्यात फुगलेल्या, निळ्या पडलेल्या, किडे लागलेल्या प्रेताच्या दहा अवस्थांवर ध्यान कसे करावे ते सांगितले. कारंज्याच्या भट्टारकांनी जपलेल्या जैन परंपरेतही बारा अनुप्रेक्षांत देहाच्या अशुचित्वाचे चिंतन आहे. मग प्रेत पाहणारा भिक्षू आणि बरणी पाहणारा कलारसिक यांत फरक तो काय?

फरक नियमांत आहे, आणि ते नियम मला या साऱ्या विषयातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटतात. बुद्धघोषाचा भिक्षू हौसेने स्मशानात जात नाही. संघातल्या स्थविराला सांगून जातो. तिथे जे दिसेल ते पाहून, हा माझा देहही याच जातीचा आहे, याच वाटेने जाणार आहे, असे त्याला मनात आणावे लागते. म्हणजे पाहणारा त्या प्रेताच्या शेजारी जाऊन बसतो. जैन साधकाची अशुचिभावना तर स्वतःच्याच देहावर सुरू होते. भवचक्राबद्दलचा दाखला आणखी बोलका आहे. ‘दिव्यावदाना’त हे चक्र विहाराच्या दाराशी रंगवायला सांगितले आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते समजावून सांगण्यासाठी एक भिक्षू नेमावा असेही सांगितले आहे. जरा, व्याधी, मरण यांचे चित्र एकटे सोडायचे नाही. त्याच्यापाशी जबाबदार माणूस उभा करायचा. हे सारे ज्यांनी ठरवले त्यांच्याकडे संमतिपत्र नव्हते, आणि स्त्रीच्या देहाची किळस पुरुषाच्या वैराग्यासाठी वापरण्याची खोड त्याच परंपरांना होती, हे विसरून चालणार नाही. पण पाहणाऱ्यावर काही बंधन घालावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. आपण चित्र ढकलतो आणि पुढे सरकतो.

लोकशिक्षणाचा युक्तिवाद या कसोटीवर घासून पाहावा. तंबाखूच्या पाकिटावर 1 एप्रिल 2016 पासून मुख्य बाजूंच्या 85 टक्के भागावर सचित्र इशारा असतो. त्याआधी 2012 पासून चित्रपटगृहांत तंबाखूविरोधी चित्रफीत सक्तीची झाली, आणि त्या काळात मुकेश नावाचा 24 वर्षांचा तरुण घरोघर माहीत झाला. भुसावळकडचा हा मुलगा गुटख्याने झालेल्या तोंडाच्या कर्करोगाने 2009 साली गेला. जाण्याआधी मुंबईच्या टाटा रुग्णालयात तो कॅमेऱ्यासमोर स्वतःचे नाव घेऊन बोलला. संमतीच्या दृष्टीने यात बोट ठेवायला जागा नाही, आणि ती चित्रफीत पाहून कित्येकांच्या हातातली पुडी खाली गेली असेल. पुढे काय झाले तेही सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या पहिल्या वाक्याची नक्कल होऊ लागली, अंधारात कुणीतरी ते वाक्य आधीच म्हणायचा आणि थिएटर हसायचे, त्यावरून विनोदांची चित्रे फिरली. हसणारे दुष्ट नव्हते. तेच ते मरण दर सिनेमाला दोनदा पाहायला लावले आणि त्याच्याजवळ कुणी उभे केले नाही, तर प्रेक्षक स्वतःला वाचवायचा जो मार्ग शोधतो तो हास्याचा असतो. मुकेशने संमती दिली ती धोका सांगण्याला, थट्टेला नव्हे. दाखवणाऱ्याची जबाबदारी सही घेतल्यावर संपली असे मानल्यामुळे हे झाले. विदर्भात तर आणखी एक विपरीत आहे. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली तरी पानठेल्यावरचा खर्रा चालूच राहिला. सुपारी, तंबाखू, चुना घोटून तो पन्नीत बांधून देतात. त्या पन्नीवर ना चित्र, ना इशारा. ज्याच्यासाठी रोग्याने आपला चेहरा खर्च केला, त्याच्या हातात तो चेहरा पोचतच नाही.

मेलेल्याला कसली लाज, हा पुढचा आक्षेप. ज्याला आता दुखत नाही, ज्याला कळत नाही, त्याच्या देहाचे चित्र काढले तर बिघडले कुठे? याचे उत्तर व्हिएन्नाने फार मोठी किंमत देऊन शोधले. एडुआर्ड पर्नकॉफच्या शरीररचनेच्या अ‍ॅटलासचा पहिला खंड 1937 साली निघाला. रेखाटनात त्याला तोड नव्हती. शल्यविशारद अवघड शस्त्रक्रियेत तो उघडून बसत. पर्नकॉफ नाझी होता आणि त्याच्या एका चित्रकाराने तर सहीतच स्वस्तिक गुंफले होते. 1997-98 मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाने चौकशी केली तेव्हा निघाले की नाझी काळात देहदंड दिलेल्या किमान 1,377 जणांचे मृतदेह तिथल्या शरीररचना विभागाकडे गेले होते. त्या चित्रांचे काय करायचे यावर 2017 साली रब्बी जोसेफ पोलाक यांनी ज्यू धर्मशास्त्राच्या आधारे मत दिले: जीव वाचवण्यासाठी ती वापरता येतील, मात्र ती कशी तयार झाली हे सर्वांना सांगूनच. म्हणजे ज्याची संमती आता घेता येत नाही, त्याची निदान हकीकत तरी चित्राबरोबर चालली पाहिजे. आपल्याकडे छळछावणी नव्हती, पण मुंबई राज्याने 1949 साली केलेल्या शरीरशास्त्र कायद्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय संस्थांना देण्याची सोय झाली, आणि बेवारस कोण असतो हे सांगायला नको. अलीकडे देहदान वाढले आहे, विद्यार्थ्यांना मृतदेह हा आपला पहिला शिक्षक मानायला शिकवणारा पाठही अभ्यासक्रमात आला आहे. चांगलेच आहे. पण शिक्षक झालेल्या बेवारसाला कुणी विचारले नव्हते, हे त्या पाठात सांगितले गेले तर तो पाठ पुरा होईल.

राहिला कलावंताचा आक्षेप. कलाकृतीचे विश्व स्वायत्त आहे, तिला व्यवहारातले नीतिनियम लावू नका. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त कलेकडे पाहण्याच्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांतला ताण तपासून दाखवला आहे, आणि कोणतीही एक भूमिका कलाव्यवहाराला पुरी पडत नाही हे त्यातून उमगते. रोग्याच्या देहावर उभी राहिलेली कला हे या ताणाचे टोकाचे उदाहरण. रंगरेषा अलौकिक असतील, गाठ लौकिक आहे. शिवाय ज्यांनी दोन्ही बाजू जगल्या त्यांचे काम पाहावे. गीव्ह पटेल मुंबईत डॉक्टरकी करत आणि चित्रे काढत. 1980 च्या दशकात त्यांनी चेंगरलेले डोके, बुडून मेलेली स्त्री असे विषय रंगवले. ती चित्रे सुंदर करून दाखवत नाहीत आणि भेदरवतही नाहीत. पाहणाऱ्याला तिथे थांबावे लागते. सुधीर पटवर्धन 1975 पासून ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते आणि 2005 मध्ये व्यवसाय थांबवून पूर्ण वेळ चित्रकार झाले. वर्षानुवर्षे क्ष-किरणांतून माणसांच्या आत पाहणाऱ्या या चित्रकाराने रंगवले ते लोकल गाडीतले, गिरणगावातले, इराण्याच्या हॉटेलातले कष्टकरी. ज्यांची चित्रे आपण काढतो त्यांना त्या आकृतींत स्वतःला ओळखता यावे, अशी इच्छा त्यांनी मांडली आहे. 2008-09 मध्ये तर त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन चित्रांचे प्रदर्शन नागपूर, अमरावतीसारख्या शहरांत फिरवले. स्वायत्ततेच्या नावाने रोग्याला दाराबाहेर ठेवणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. रंगवलेला माणूस पाहायला आला तर त्याला तोंड दाखवता येईल असेच चित्र काढायचे, ही अट कलेला मारत नाही.

एका आक्षेपापुढे मात्र थांबावे लागते. इतक्या अटी घातल्या तर रोग पुन्हा लपेल, आणि लपवणे हीच तर आपली खरी क्रूरता होती. चरकाने कुष्ठाच्या कारणांत विरुद्ध अन्नाबरोबर पापकर्मही घातले. गावाने रोग्याला वेशीबाहेर घातले. 1982 पासून बहुविध औषधोपचाराने हा रोग बरा होऊ लागला तरी कुष्ठ हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात 2019 पर्यंत टिकले. न दिसणाऱ्या रोगाबद्दलच अशी भीती पोसली जाते. म्हणून दाखवू नका असे मी म्हणणार नाही. सेवाग्रामला गांधीजी कुष्ठ झालेल्या परचुरेशास्त्रींना मालिश करतात ते छायाचित्र प्रसिद्ध झाले, हे बरेच झाले. तरी ते पाहताना आपण महात्म्याचे हात पाहतो. समोरचा माणूस संस्कृतचा पंडित होता हे सांगावे लागते. आनंदवनच्या ‘स्वरानंदवन’ या वाद्यवृंदात असे सांगावे लागत नाही. विकास आमटे यांनी उभ्या केलेल्या या कार्यक्रमात कुष्ठमुक्त आणि अपंग कलावंत रंगमंचावर येतात, गातात, नाचतात, आणि प्रेक्षक तिकीट काढून समोर बसतो. झडलेली बोटे तिथे लपवलेली नाहीत. फक्त ती दाखवायची की नाही, केव्हा दाखवायची आणि कार्यक्रम कधी संपवायचा, हे बोटांचा मालक ठरवतो.

वाशीमच्या नव्या महाविद्यालयाने, आणि त्याच्याबरोबर सुरू झालेल्या इतर नऊंनी, एवढे करावे. उपचाराची संमती, शिकवण्यासाठी वापरण्याची संमती आणि लोकांपुढे मांडण्याची संमती यांसाठी तीन वेगळ्या सह्या घ्याव्यात, आणि तिसरी कधीही मागे घेता येते हे मराठीत, बंजाऱ्यांच्या तांड्यावर त्यांच्या बोलीत, तोंडी समजावून सांगावे. देह बेवारस असेल तर तसे बरणीवरच्या चिठ्ठीत लिहावे. विच्छेदनगृहात फोन नेऊ देऊ नये. कुणा विद्यार्थ्याला काचपट्टीवरून चित्र काढावेसे वाटले तर त्याने ते आधी त्या रुग्णाला नेऊन दाखवावे. त्याने नको म्हटले तर चित्र वहीत राहील. यासाठी दिल्लीच्या नव्या नियमाची वाट पाहण्याची गरज नाही. महाविद्यालयाच्या परिषदेचा एक ठराव पुरतो.